शाळा सोडण्याचे कारण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवी म्हणून थोडाफार ओळखला जातो, पण माझं पोट कवितेवर चालत नाही. बी.ए. झाल्यावर एका शाळेत कारकून म्हणून लागलो आणि आजवर तेच काम करतो आहे. आमच्या टेबलावर एक जाडजूड वही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यात एक आडवी ओळ असते. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा. मूल शाळेतून गेलं की त्याच ओळीत उजवीकडे आणखी काही रकाने भरायचे. प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण. त्यावरून दाखला तयार होतो. कारणाच्या रकान्यात आम्ही कारकून मंडळी चार-पाच ठरलेली वाक्यंच लिहितो. ‘पालकांची बदली.’ ‘पुढील शिक्षणासाठी.’ ‘पालकांच्या विनंतीवरून.’ आणि काहीच कळलं नाही तर, ‘सतत गैरहजर.’

आज मला या ‘सतत गैरहजर’बद्दल बोलायचं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. साल १९८३. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली शाळा, इयत्ता आठवी. आमच्या घरी दखनी बोलली जायची आणि शाळेत मराठी, त्यामुळे मी मागच्या बाकावर गप्प बसायचो. हा मुलगा दुसऱ्या बाकावर. अक्षर असं की गुरुजी फळ्यावरचा सुविचार त्याच्याकडून लिहून घ्यायचे. त्याचं चालणं, हात हलवणं, बोलणं मुलींसारखं होतं. पंधरा ऑगस्टला रांगोळी काढायला तो मुलींबरोबर बसला आणि त्या दिवसापासून त्याचं खरं नाव वर्गात कुणी घेतलं नाही.

तो दिवसभर पाणी पीत नसे. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मधल्या सुट्टीत सगळी पोरं हौदावर तुटून पडायची, हा वर्गात बसून राहायचा. लघवीला जायचं ते तास चालू असताना, मुतारीत कुणी नसेल अशा वेळी. एक गुरुजी त्याला सोडत नसत. ‘आत्ताच सुट्टी झाली ना?’ म्हणायचे, आणि वर ‘कुठल्या बाजूला जाणार?’ असं विचारून वर्गाला हसवायचे.

आता माझा भाग. मला तेव्हा यमकं जुळवायचा नाद नुकताच लागला होता. मी त्याच्या नावावर चार ओळी रचल्या. पोरांना त्या इतक्या आवडल्या की कुणीतरी त्या मुतारीच्या भिंतीवर कोळशानं लिहून काढल्या. तो येताना दिसला की पोरं ताल धरून म्हणायची. मागच्या बाकावरचा मी आठवड्याभरात वर्गाचा कवी झालो. लोक मला विचारतात, तुमची पहिली कविता कोणती? मी दुसरीच सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही.

काही वर्षांपूर्वी त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. मी कारकून, म्हणून जुन्या रजिस्टरांतून नावं काढायचं काम माझ्याकडे आलं. त्याची ओळ सापडली. वर्तणूक, चांगली. कारण, सतत गैरहजर. माझ्यासारख्याच कुणा कारकुनानं लिहिलेलं. तो पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही. मी त्याला ‘तो’ म्हणतो आहे, तेही त्याला विचारून नाही. जन्माच्या वेळी लोकांनी ठरवलेलं लिंग आणि माणसाला आतून जाणवणारी स्वतःची ओळख जुळत नाही, अशा व्यक्तीला आज आपण ट्रान्सजेंडर म्हणतो. तो तसा होता की नाही, हे ठरवणारा मी कोण? पण वर्गानं ते ठरवून टाकलं होतं आणि शिक्षा त्यावरूनच झाली.

त्या दिवसानंतर मी या विषयातले जुने कायदे, निकाल, अहवाल मिळतील तसे वाचत गेलो. कारकुनाची नजर असल्यामुळे मला त्यांत रजिस्टरंच दिसली. या माणसांच्या नोंदी सरकारदरबारी पुष्कळ झाल्या. शाळेच्या वहीत मात्र त्यांची ओळ मध्येच तुटलेली दिसते.

आधी सनदा होत्या. मराठेशाहीत दख्खनमध्ये हिजड्यांना गावोगाव फिरून भिक्षा गोळा करण्याचे हक्क होते, काहींकडे इनाम जमिनी होत्या. त्या काळात त्यांना फार मानानं वागवत, असं गोड चित्र रंगवायची गरज नाही. पण दप्तरात त्यांची नोंद होती ती हक्कदार म्हणून. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना हे हक्क नीतीला सोडून वाटले आणि ते काढून घेण्याकडे सरकारचा कल झाला.

मग आलं पोलिसांचं रजिस्टर. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्याकडे आठवतो तो भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा भाग सगळा हिजड्यांवर होता. तो मुख्यतः वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या मोठ्या भागात अमलात आला. मुलं पळवण्याचा, त्यांना खच्ची करण्याचा किंवा कलम ३७७ खालच्या गुन्ह्याचा ज्यांच्यावर संशय असेल, त्यांची नावं, राहण्याची ठिकाणं आणि मालमत्ता लिहून ठेवायची. गुन्हा शाबीत व्हायची गरज नव्हती, संशय पुरेसा होता. एकदा नाव चढलं की बाईचे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यात दिसलं तरी दोन वर्षांपर्यंत कैद. दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, कुणा अज्ञान मुलाचं पालक होता येत नसे.

त्यात मुलांबद्दलही एक तरतूद होती. नोंदलेल्या हिजड्याकडे सोळा वर्षांखालचा मुलगा सापडला तर त्याबद्दलही दोन वर्षांपर्यंत कैद. त्या मुलाला आईबापांकडे पाठवायचं. ते सापडले नाहीत तर मॅजिस्ट्रेटनं त्याच्या पोटापाण्याची आणि शिक्षणाची सोय करायची, आणि झालेल्या दंडाची रक्कम त्या खर्चाला लावायची.

इथे मी बराच वेळ थांबलो. पोलिसी रजिस्टराच्या त्या कायद्यात ‘शिक्षण’ हा शब्द आला तो असा. मूल खरोखर पळवलेलं असेल तर त्याला सोडवणं हे सरकारचं कामच आहे. पण घरातून, गावातून हाकललेलं एखादं पोर स्वतःच्या पायानं तिथे पोचलं असेल, ही शक्यता कायद्यानं धरली नाही. मूल कुणाकडे सापडलं याची चौकशी होती. ते घरातून का निघालं, याची नव्हती. त्याला परत पाठवायचं ते जिथून निघालं त्याच दारात.

हे सगळं उत्तरेकडचं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यानंही १९१९ मध्ये, १३२९ फसलीत, याच नमुन्याचा कायदा केला. तेच रजिस्टर, बायकी कपड्यांवर तशीच बंदी, सोळा वर्षांखालच्या मुलाबद्दल तशीच शिक्षा. इंग्रजी मुलखात १९११ च्या नव्या कायद्यात हिजड्यांचा भाग राहिला नाही आणि १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदाच गेला. हैदराबादचा कायदा मात्र पुढे तेलंगणात कागदोपत्री तसाच राहिला. तो घटनेला धरून नाही म्हणून तेलंगणाच्या उच्च न्यायालयानं रद्द केला, तेव्हा साल होतं २०२३. म्हणजे माझ्या वर्गातला तो मुलगा १९८३ मध्ये शाळेतून नाहीसा झाला तेव्हा निजामाचं हे कलम शेजारच्या राज्यात कायद्याच्या पुस्तकात होतं.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, पण शाळेच्या कागदांवर मुलगे आणि मुली असे दोनच रकाने राहिले. देशानं पहिल्यांदा निराळी मोजणी केली ती २०११ च्या जनगणनेत. स्त्री आणि पुरुष यांच्यापुढे ‘इतर’ असा पर्याय होता. त्यात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. त्यांतली ४०,८९१ आपल्या महाराष्ट्रातली. सहा वर्षांपर्यंतची मुलं जवळजवळ ५५,०००. देशाची साक्षरता तेव्हा ७४ टक्के होती, यांची ५६ टक्के. त्या अठरा टक्क्यांच्या फरकात किती जणांच्या दाखल्यावर ‘सतत गैरहजर’ लिहिलेलं असेल?

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी निकाल दिला की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं म्हणणं न्यायालयानं नोंदवलं आहे. लहानपणापासून घरात आणि घराबाहेर सोसलेली छेडछाड, अत्याचार, एकटेपण. निकालपत्रात १८७१ च्या कायद्याचाही उल्लेख आहे. एका टोकाला पोलिसाचं रजिस्टर आणि दुसऱ्या टोकाला एका मुलाचं बालपण, दोन्ही एकाच निकालपत्रात आली.

आता शाळेच्या आत जाऊ. अशा मुलांच्या तब्येतीचा आणि सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रिया, औषधं असलं काहीतरी येतं. शाळेत प्रश्न त्याहून साधा असतो. पाणी प्यायचं की नाही? दिवसभर लघवी दाबून धरली की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. अमेरिकेतल्या एका खटल्यात हे न्यायालयाच्या कागदावर आलं आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या ग्लॉस्टर हायस्कुलातला गॅव्हिन ग्रिम हा ट्रान्सजेंडर मुलगा. २०१४ मध्ये मुख्याध्यापकांच्या परवानगीनं तो काही आठवडे मुलांचं स्वच्छतागृह वापरत होता. काही अडलं नाही. मग बाहेरच्या लोकांनी तक्रारी केल्या आणि डिसेंबरात शाळामंडळानं ते बंद केलं. तो स्वच्छतागृह टाळू लागला आणि त्याला मूत्रमार्गाचे आजार झाले. पुढे त्याच्या जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ अशी दुरुस्ती झाली, तरी शाळेनं आपल्या कागदांवर ती केली नाही. २०२० मध्ये अपिलाच्या न्यायालयानं दोन्ही बाबतींत त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायचं नाकारलं. तोवर शाळा सोडून त्याला चार वर्षं झाली होती. स्वच्छतागृह आणि दाखला. सात समुद्रांपलीकडे गोष्ट याच दोन जागांवर अडली होती.

अमेरिकेचं आणखी एका कारणासाठी सांगतो. तिथे शाळेतल्या मुलांनाच हा प्रश्न विचारला गेला. हायस्कुलातल्या मुलांच्या आरोग्याची एक पाहणी तिथे १९९१ पासून दर दोन वर्षांनी होते. मुलं नाव न लिहिता कागद भरतात. २०१७ मध्ये काही राज्यांत आणि शहरांत, आणि २०२३ मध्ये देशपातळीवर, तुम्ही ट्रान्सजेंडर आहात का, हेही विचारलं. २०२३ मध्ये ३.३ टक्के मुलांनी ‘हो’ म्हटलं. आणखी २.२ टक्के अजून संभ्रमात होती. या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यानं, शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर सुरक्षित वाटत नाही म्हणून, आदल्या महिनाभरात शाळा बुडवली होती. इतर मुलग्यांत हे प्रमाण साडेआठ टक्के. सुमारे ४० टक्क्यांना शाळेत दमदाटी आणि छळ सोसावा लागला होता. आणि सुमारे २६ टक्क्यांनी वर्षभरात जीव द्यायचा प्रयत्न केला होता. इतर मुलींत हा आकडा ११, इतर मुलग्यांत ५.

हा आकडा ऐकून काही जण म्हणतील, म्हणजे या मुलांच्या मनातच काही बिघाड असतो. पाहणी करणाऱ्यांनी तसं म्हटलेलं नाही. त्यांनी बोट ठेवलं ते कलंकावर, छळावर आणि शाळेत आपलं कुणी नाही या भावनेवर. चार ओळींचं यमक रोज कानावर पडलं तर काय होत असेल, हे सांगायला मला पाहणीची गरज नाही.

आपल्याकडे युनेस्कोनं तामिळनाडूत अशी पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात ट्रान्सजेंडर आणि समलिंगी अशा दोन्ही प्रकारच्या तरुणांना शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं होतं. माध्यमिक शाळेत अंगावर हात पडल्याचं ६० टक्क्यांनी सांगितलं. छळामुळे शाळा सुटली असं ३३ टक्क्यांनी. आणि शाळेत तक्रार केली होती ती फक्त १८ टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा आम्हा शाळेतल्या लोकांसाठी आहे. ‘आमच्या शाळेत असं काही नाही, कधी तक्रारच आली नाही,’ असं आपण सहज म्हणतो. तक्रार कुणाकडे करणार? वर्गाला हसवणाऱ्या गुरुजींकडे?

प्रश्न विचारला की उत्तर येतं, आणि उत्तर नको असलं की प्रश्न पुसला जातो. २०२१ मध्ये एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण-पुस्तिका काढली होती. ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं, स्वच्छतागृहं, गणवेश, बोलण्याची पद्धत, असे विषय त्यात होते. तक्रार झाली आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. अमेरिकेतही जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्या पाहणीची पानं सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकली होती. फेब्रुवारीत न्यायालयाच्या आदेशानं ती परत लावावी लागली.

आपल्याकडे २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता त्यांना इतरांबरोबर शिकवावं, असं त्यात लिहिलं गेलं. पण अठरा वर्षांखालच्या मुलासाठी ओळखपत्राचा अर्ज आईबापांनी किंवा पालकांनी करायचा, असंही त्यात होतं. ज्या मुलाला घरीच तोंड उघडता येत नाही त्याची वाट तिथेच अडली. १८७१ च्या कायद्यासारखीच. पुन्हा त्याच दारात.

डिसेंबर २०१६ मध्ये कोचीत, शाळा अर्धवट सुटलेल्या ट्रान्सजेंडर प्रौढांसाठी एक छोटी निवासी शाळा निघाली. पुढे केरळच्या साक्षरता मिशननंही त्यांच्यासाठी वर्ग सुरू केले. मोठी माणसं पुन्हा दहावीला बसली. हे वाचून आनंद वाटतो. पण कारकून म्हणून मनात येतं, त्यांच्या पहिल्या शाळेच्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात काय लिहिलं असेल?

कायदे करणं आपल्या हातात नाही. पण शाळा आपल्या हातात असते. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाची गैरहजेरी वाढत चालली. माझ्याकडे नाव आलं. मी लगेच काही लिहिलं नाही. वर्गशिक्षिका बाईंना म्हटलं, एकदा घरी जाऊन येऊ या. मुलगा बोलला नाही. आईनं सांगितलं, ‘शाळेतून आला की आधी संडासात पळतो, मग दोन तांबे पाणी पितो.’ मला पुढचं विचारावं लागलं नाही. आमच्या मुख्याध्यापिकांनी कार्यालयाजवळच्या, आतून कडी असलेल्या एका स्वच्छतागृहाचं कुलूप काढून टाकलं आणि प्रार्थनेच्या वेळी सांगितलं की ज्याला हवं त्यानं ते वापरावं, कारण सांगायची गरज नाही. मुतारीजवळ टोळकं करणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना बोलावून समज दिली. त्या मुलाची ओळख काय, हे आम्ही विचारलं नाही. हजेरी पूर्ण भरत नाही, पण तो येतो. पाण्याची बाटली आणतो.

एवढंच. यात पैसा लागला नाही. एक कुलूप निघालं आणि कारकुनानं एक रकाना चार दिवस कोरा ठेवला. माझी आपल्याला, विशेषतः शाळेत काम करणाऱ्यांना, विनंती आहे. ‘सतत गैरहजर’ लिहिण्याआधी एकदा विचारा. वर्गात कुणाच्या नावावर हशा पिकला तर तो कशावर पिकला ते पाहा. गुरुजी हसले की मुलांना परवानगी मिळते, हे विसरू नका.

मराठीत आज दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या कवयित्री स्वतःचं जगणं स्वतःच्या शब्दांत लिहितात. ते वाचताना मला दुसऱ्या बाकावरचं ते सुंदर अक्षर आठवतं. त्यानं काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक. माझे तीन संग्रह निघाले. त्या चार ओळी त्यांतल्या एकातही नाहीत. मुतारीची ती भिंतही केव्हाच पाडली. पण मला त्या अजून पाठ आहेत. तो जिथे कुठे असेल तिथे, त्यालाही असतील.